चार आकड्यांचा पत्ता

हैदराबादेत प्रथमच आलेल्या महाराष्ट्रीय पाहुण्यास बुचकळ्यात टाकणारी एखादी गोष्ट असेल, तर ती म्हणजे येथील घरांचे क्रमांक. पुण्याच्या माणसास पेठेचे नाव आणि घरांक पुरतो. मुंबईकरास इमारत व खोली सांगितली की झाले. आपल्याकडे मात्र दारावर ‘३-४’ किंवा ‘३-६’ अशा आकड्यांनी आरंभ होणारी, मध्ये आडव्या रेघा असलेली एक मालिकाच टांगलेली असते. पहिला आकडा प्रभागाचा, दुसरा त्या प्रभागातील विभागाचा, तिसरा घराचा. आणि मूळ घराच्या वाटण्या होत गेल्या की तिरप्या रेघेपलीकडे एकेक अक्षराची शेपटी वाढत जाते. काचीगुड्याचा ‘३-४’, हिमायतनगरचा ‘३-६’, बंजारा हिल्सचा ‘८-२’ हे जुन्या रहिवाशांस तोंडपाठ असते. तथापि एवढ्या आकड्यांवरून घर हमखास सापडेल अशी हमी कोणीही जुना हैदराबादी देणार नाही. शेजारच्या दोन घरांचे क्रमांक लागोपाठचे असतीलच असे नसल्यामुळे ‘चप्पल बाजाराकडून आत वळा, पिठाच्या गिरणीसमोर’ ही पुरवणी प्रत्येक पत्त्यास जोडावी लागते.

टपाल खात्याने हा प्रश्न आपल्यापुरता निराळ्या रीतीने सोडविला. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. टपाल व तार खात्यात उच्चपदस्थ अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी! महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांस ही गोष्ट ठाऊक असावयास हवी, असे आम्हांस नेहमी वाटते. वेलणकरांच्या योजनेत सहा अंक आहेत. पहिला अंक ५ असला की पत्र दक्षिणेकडे, म्हणजे तेलंगण, आंध्र वा कर्नाटकात जावयाचे. ४ असला तर महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वा छत्तीसगडात. पहिले तीन अंक ५०० असे आले की हैदराबादच्या पोत्यात पाकीट पडते, आणि उरलेल्या तीन अंकांवरून कोणत्या टपाल कचेरीने ते वाटावयाचे हे ठरते. या पद्धतीचा विशेष असा की तिच्यातला प्रत्येक अंक जमिनीशी बांधलेला आहे. कचेरी हलली नाही तर अंक हलत नाही.

आज आपल्या प्रत्येकाच्या घरी, आपल्या नकळत, तिसराच एक आकडा वावरतो आहे. त्याचे नाव आय. पी. क्रमांक, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल क्रमांक. या आकड्यावरून माणसाचे गाव शोधता येते, एवढेच नव्हे तर त्याचे घरही शोधता येते, अशी एक समजूत सर्वत्र पसरलेली आहे. दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोधाच्या मालिकांत तर तरुण अधिकारी संगणकावर चार कळा दाबतो, नकाशावर तांबडा ठिपका लुकलुकू लागतो आणि पुढच्याच क्षणी पोलिसांची गाडी दारात उभी राहते. या समजुतीत किती तथ्य आहे हे पाहावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. समजूत निरुपद्रवी असती तर आम्ही तिच्या वाटेस गेलो नसतो. परंतु तिच्यापायी एका निरपराध तरुणास पुण्याच्या तुरुंगात दिवस काढावे लागले आहेत आणि आपल्यातील वयस्क मंडळींस लुबाडण्यासाठी आज तिचाच उपयोग केला जात आहे.

प्रथम हा आकडा दिसतो कसा ते पाहू. १९८१ साली ठरलेल्या नियमांनुसार त्यात बिंदूंनी विलग केलेले चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा असतो. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. (हा क्रमांक कोणाच्याही घरचा नाही, तो आणि त्याच्या आसपासचे क्रमांक केवळ उदाहरणे देण्यासाठीच राखून ठेवलेले आहेत, तेव्हा निर्धास्त असावे.) आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपला संगणक किंवा दूरध्वनी त्या स्थळास जणू पत्र पाठवितो, आणि उत्तर कोठे धाडावयाचे हे कळावे म्हणून पाकिटावर हा क्रमांक घालतो. म्हणजे तो गुप्त नाही. तो गुप्त असला तर उत्तरच येणार नाही.

चार आकड्यांच्या या रचनेतून ४,२९,४९,६७,२९६ इतके क्रमांक तयार होतात. चारशे एकोणतीस कोटींची ही संख्या १९८१ साली अक्षय्य वाटली असेल. पुढे घराघरांत संगणक आणि हातोहाती दूरध्वनी आले, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे पाच गठ्ठे पाच प्रादेशिक नोंदणीसंस्थांस वाटून तो साठा संपला. ज्याची संख्या एकोणचाळीस अंकी आहे असा नव्या क्रमांकांचा दुसरा संच आता वापरात आलेला आहे; तरी जुने चार आकड्यांचे क्रमांकही अद्याप चालूच आहेत.

या वाटपाची उतरंड नीट ध्यानात घेतली तर पुढचे सारे कोडे उलगडते. आशिया आणि पॅसिफिक महासागराच्या प्रदेशासाठीची नोंदणीसंस्था ‘एपनिक’ ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी आहे. भारतात ‘निक्सी’ या संस्थेच्या आधिपत्याखाली २०१२ पासून एक राष्ट्रीय नोंदणीकेंद्र काम करते. या संस्थांकडून क्रमांकांचे गठ्ठे घेतात त्या सेवा पुरविणाऱ्या कंपन्या, बँका, विद्यापीठे, तुम्ही-आम्ही नव्हे. नोंदवहीत नाव लागते ते कंपनीचे आणि पत्ता लागतो तो तिच्या कचेरीचा. कंपनी आपल्या गठ्ठ्यातील एक क्रमांक आज आपल्या घरी देते, उद्या तोच दिलसुखनगरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकास देते, परवा कदाचित विजयवाड्यास.

आपल्या वडीलधाऱ्यांस निजामाच्या राज्यातील जहागिरींच्या गोष्टी ऐकून ठाऊक असतील. जहागीरदार साहेबांचा मुक्काम हैदराबादेत आणि जहागिरीची गावे बीड-परभणीकडे, अशी स्थिती अनेकदा असे. दप्तरात नाव जहागीरदाराचे, पत्ता राजधानीचा. शेत नांगरणारे कूळ कोण आणि त्याचे खोपट कोठे, हे कळावयाचे तर गावच्या पटवाऱ्यासच गाठावे लागे. आय. पी. क्रमांकांच्या जाहीर नोंदवहीची अवस्था नेमकी तशी आहे. तीत जहागीरदार सापडतो. कूळ सापडत नाही. कूळ ठाऊक असते ते केवळ कंपनीच्या अंतर्गत दप्तरास, आणि ते दप्तर कायद्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेने रीतसर मागणी केल्याखेरीज उघडत नाही.

असे असता क्रमांकावरून गाव सांगणाऱ्या याद्या निर्माण तरी कशा होतात? हा एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला आहे. जगातील काही कंपन्या अशा याद्या तयार करून विकतात आणि बँका, जाहिरातदार, चित्रपट दाखविणारी संकेतस्थळे त्या विकत घेतात. याद्या करणाऱ्यांचा पहिला आधार म्हणजे वर सांगितलेली नोंदवही. दुसरा आधार मोठा गमतीचा. संदेश ज्या ज्या यंत्रांतून पुढे ढकलले जातात त्या यंत्रांस त्यांचे चालक नावे ठेवतात आणि सोयीसाठी त्या नावांत गावाच्या नावाची आद्याक्षरे गुंफतात. रेल्वेच्या डब्यावरील संक्षेप पाहून गाडी कोठली हे जाणकार ओळखतो, तशातलाच हा प्रकार. तिसरा आधार काळाचा. काचेच्या तंतूतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात दोनशे किलोमीटर, आणि जाऊन-येऊन धरले तर शंभर. हैदराबादेहून पाठविलेल्या हाकेस पाच सहस्रांश सेकंदांत ओ आली, तर ओ देणारा पाचशे किलोमीटरांच्या आतच असला पाहिजे, हे भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे अनुमान आहे. उलट बाजूने मात्र हे गणित लंगडे पडते. उत्तरास उशीर झाला म्हणून उत्तर देणारा दूरच असेल असे होत नाही. संदेश वाटेत कोठे रेंगाळला वा आडवळणाने आला, याचा हिशेब कोण देणार? याखेरीज, ज्यांच्या दूरध्वनीवर स्थाननिर्देश चालू असतो अशा लोकांच्या हालचालींवरून काही अंदाज बांधले जातात, आणि अलीकडे कित्येक सेवा कंपन्या आपले कोणते क्रमांक कोणत्या शहरात वापरतो याची यादी स्वतःहून प्रसिद्ध करतात.

या साऱ्यातून जे निष्पन्न होते ते अनुमान असते. देश बहुधा बरोबर येतो. शहराच्या बाबतीत बरोबर येते तसे चुकतेही. आणि घराच्या बाबतीत या याद्यांनी बोलूच नये. त्यात पुन्हा क्रमांकांचे गठ्ठे एका कंपनीकडून दुसरीकडे, एका देशातून दुसऱ्या देशात विकले जातात. याद्यांत मात्र जुनेच गाव महिनोन्महिने राहते. घर विकून गेलेल्या माणसाची पत्रे नव्या मालकाच्या दारी येत राहावीत, तसे हे होते.

आमच्या शाळेतील संगणककक्षात आम्ही मुलांसमवेत एक साधा प्रयोग केला. एकाच खोलीत, एकाच बाकावर तीन दूरध्वनी ठेवले. तिघांची सेवा तीन निरनिराळ्या कंपन्यांची. प्रत्येकावरून क्रमांक व स्थान दाखविणारे एकच संकेतस्थळ उघडले. एकाने हैदराबाद सांगितले, दुसऱ्याने चेन्नई आणि तिसऱ्याने चक्क मुंबई! मुले हसू लागली. कारण सरळ होते. भ्रमणध्वनीचा संदेश मनोऱ्यावरून कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात शिरतो आणि तेथून बाहेरच्या जगात पडण्याचे त्याचे द्वार शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात असू शकते. जगास दिसतो तो द्वाराचा क्रमांक. गावाकडच्या दहा वाड्यांची टपालपेटी तालुक्याला असावी आणि पाकिटांवर शिक्का तालुक्याचा पडावा, तसे.

या एका गोष्टीच्या अज्ञानाने घरोघर केवढी घबराट उडते! आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंस एके रात्री सूचना आली की आपल्या ई-पत्राच्या खात्यात चेन्नईहून कोणी प्रवेश केला आहे. बाई काचीगुड्यातील आपल्या घरातून गेल्या आठवड्याभरात बाहेरही पडल्या नव्हत्या. त्यांनी रातोरात भोपाळच्या मुलीस आणि परदेशातील मुलास उठविले. सकाळी आम्ही जाऊन सूचनेतील वेळ पाहिली, तेव्हा बाईंनी स्वतःच नव्या दूरध्वनीवरून खाते उघडले होते तीच ती वेळ निघाली. तेव्हा अशी सूचना आली असता गावाचे नाव वाचून घाबरण्याआधी वेळ व यंत्राचा प्रकार पाहावा. हे दोन्ही आपलेच असतील तर गाव चुकले तरी चिंता नसावी. वेळ किंवा यंत्र अनोळखी असेल तर मात्र गाव आपलेच दाखविले असले तरी संकेतशब्द तत्काळ बदलावा.

येथे एक घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. रिक्षा बोलाविणारे ॲप आपल्या दारात अचूक येऊन उभे राहते, मग क्रमांकावरून घर का कळू नये, असे कोणी विचारील. त्या ॲपला आपले स्थान कळते ते उपग्रहांवरून, आणि तेही आपण दूरध्वनीस तशी अनुमती दिलेली असते म्हणून. आय. पी. क्रमांकाशी त्याचा संबंध नाही. जमिनीच्या तुकड्यास क्रमांक देणे हा तर आणखी तिसराच विषय होय. त्यातही आपले शहर पुढे आहे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ नावाची दहा अक्षरांकांची जी पद्धत जाहीर केली, ती हैदराबादच्या आय. आय. टी.च्या आणि इस्रोच्या येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या सहकार्याने सिद्ध झाली. तीत सुमारे चार मीटर लांब व चार मीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनास आपला स्वतंत्र संकेत मिळतो. वेलणकरांच्या पिनचा हा नातू म्हणावयाचा. परंतु तोही जमिनीशी बांधलेला आहे, माणसाशी वा यंत्राशी नाही.

यादी करणाऱ्यांस क्रमांकाचा देश तेवढा कळला आणि शहर कळले नाही तर ते काय करतात, याची कथा ऐकण्याजोगी आहे. संगणकास ‘ठाऊक नाही’ एवढे उत्तर चालत नाही. नकाशावर कोठेतरी ठिपका द्यावाच लागतो. मॅक्समाइंड या अमेरिकन कंपनीने अशा वेळी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू द्यावयाचे ठरविले आणि सोयीसाठी अपूर्णांक टाळून उत्तर अक्षांश ३८ व पश्चिम रेखांश ९७ हे आकडे निवडले. तो बिंदू कॅन्सस राज्यातील पॉटविन या खेड्याजवळच्या एका शेतावर पडला. वर्षांमागून वर्षे साठ कोटींहून अधिक क्रमांकांचे ‘स्थान’ म्हणून त्या एकाच शेताचे नाव निघत राहिले. ज्या कोणाची फसवणूक झाली, ज्याची मोटार चोरीस गेली, ज्यास शिवीगाळीची पत्रे आली, तो क्रमांकाचा माग काढीत त्या शेतावर येऊन थडकू लागला. कर वसूल करणारे अधिकारी आले, संघीय पोलीस आले, कोणी आत्महत्येच्या विचारात असल्याचे समजून रुग्णवाहिकाही आल्या. शेवटी तेथील शेरीफने शेताच्या वाटेवर पाटी लावून आगंतुकांस आवरले. हे सारे कशामुळे घडते आहे, हे एप्रिल २०१६ मध्ये एका स्त्री-पत्रकाराने शोधून काढीपर्यंत शेतावरच्या माणसांस त्याचा पत्ताच नव्हता. मग कंपनीने तो बिंदू उचलून एका जलाशयाच्या मध्यभागी ठेवला. शेतावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने तिच्यावर दावाही लावला.

भारतासाठी असा ठोकळ बिंदू जुन्या याद्यांत कोणता होता? उत्तर अक्षांश २० आणि पूर्व रेखांश ७७. वाचकांनी घरातला नकाशा उघडून पाहावा. हा बिंदू वाशीम शहराच्या नैर्ऋत्येस थोड्या अंतरावर पडतो, जेथे वऱ्हाड संपून हिंगोलीचा मराठवाडा लागतो त्या परिसरात. दिल्लीचा, कोलकात्याचा वा कोचीचा क्रमांक असो, शहर कळले नाही की यादी बोट दाखविणार ते वाशीमच्या शिवाराकडे! तेथील कापसाच्या आणि तुरीच्या शेतांस या कीर्तीची वार्ताही नसेल.

हसून सोडून द्यावे असे मात्र पुढचे प्रकरण नाही. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्यास अटक केली. त्या काळी लोकप्रिय असलेल्या ‘ऑर्कुट’ या स्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर कोणीतरी टाकला होता. महाराष्ट्रात संताप उसळला होता आणि तो रास्तच होता. पोलिसांस मजकूर टाकणाऱ्याचा आय. पी. क्रमांक मिळाला, तो कोणाकडे होता, अशी पृच्छा सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे करण्यात आली, कंपनीने नाव-पत्ता कळविला आणि त्या पत्त्यावरच्या तरुणास उचलून पुण्यास आणले गेले. ‘हे मी केलेले नाही’ हे त्याचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही, कारण यंत्राने नाव दिले होते. कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती, हे उघडकीस येऊन त्याची सुटका होईपर्यंत येरवड्याच्या कारागृहात त्याचे सुमारे पन्नास दिवस गेले. पुढे त्याने भरपाईसाठी दाद मागितली. परंतु ज्या महापुरुषाविषयी सर्वांस आदर आहे त्याच्या निंदेचा डाग निष्कारण माथी घेऊन काढलेल्या त्या पन्नास दिवसांचे मोल कसे करावयाचे?

लक्षात घ्यावे की येथे कोणी तर्कटी यादी वापरलेली नव्हती. खुद्द कंपनीचे अंतर्गत दप्तर उघडले गेले होते, आणि तरीही कूळ चुकले. असे होण्याच्या वाटा अनेक असतात. क्रमांक घडोघडी हात बदलतो, त्यामुळे ‘कोणाकडे होता’ या प्रश्नास ‘कोणत्या क्षणी’ ही जोड नसेल तर प्रश्नच निरर्थक ठरतो. जगातील बहुतेक संगणक नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. आपली भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. एखाद्या कारकुनाने हे साडेपाच तास मिळविले नाहीत, किंवा दुपारचे तीन आणि रात्रीचे तीन यांत गल्लत केली, की दुसऱ्याच घराची कडी वाजते. त्यातच क्रमांकांच्या टंचाईमुळे आज कंपन्या एकच क्रमांक एकाच वेळी अनेक गिऱ्हाइकांत वाटतात. एका नळावर साऱ्या चाळीने पाणी भरावे तसे हे आहे. नळाचा क्रमांक सांगून घागर कोणाची हे कळत नाही. त्यासाठी ‘पोर्ट’ नावाचा आणखी एक आकडा आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. आणि हे सर्व अचूक जुळले तरी हाती काय येते, तर जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढेच. त्या घरातील आजोबा, नातू, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू की शेजारी बसून बिनतारी जोडणी वापरणारा परका, यांपैकी कळ कोणी दाबली हे क्रमांक सांगू शकत नाही.

नियमकर्त्यांस याची जाणीव झालेली दिसते. २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय आदेशानुसार सेवा कंपन्यांनी व संस्थांनी आपल्या यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या वा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळांशी जुळवून ठेवावयाची आहेत आणि नोंदी १८० दिवस जपावयाच्या आहेत. घड्याळ जुळविणे हा न्यायाचा भाग होऊ शकतो, हे आमच्या पिढीस कोणी शिकविले नव्हते.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. यंत्राने आपला क्रमांक हैदराबादचा आहे असे एकदा ठरविले की ते आपोआप आपल्यापुढे तेलुगू जाहिराती आणि तेलुगू चित्रपट मांडते. तेलुगूविषयी आम्हांस परकेपणा नाही. ती आमच्या बाजाराची, शेजाराची आणि शाळेच्या पटांगणाची भाषा आहे. परंतु येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत, मराठी शाळा आहेत, ग्रंथालये आहेत, हे क्रमांकाच्या यादीत बसत नाही. बडोद्याच्या, इंदूरच्या आणि तंजावरच्या मराठी घरांचाही हाच अनुभव असणार. परदेशात गेलेल्या आपल्या मुलांची तऱ्हा आणखी निराळी. एखादे मराठी नाटक पाहावयास बसावे तो ‘हे आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही’ अशी पाटी येते, आणि ती पाटी लावणारा द्वारपाल म्हणजे हाच क्रमांक. यावर उपाय फारसा कठीण नाही. दूरध्वनीच्या व खात्याच्या मांडणीत भाषा म्हणून मराठी निवडावी. मग यंत्र केवळ गावावरून भाषेचा तर्क करीत बसत नाही. आपल्यातील किती घरांनी हे केले आहे, हे ज्याने त्याने आपल्या दूरध्वनीत पाहावे.

शेवटी ज्या कारणाने हा लेख आम्ही लांबविला ते सांगतो. गेल्या काही वर्षांत अनेकांस, विशेषतः निवृत्त मंडळींस, पोलीस वा गुप्तवार्ता खात्याच्या नावाने पत्रे येत आहेत. वर राजमुद्रा, खाली बड्या अधिकाऱ्याची सही, आणि मजकूर असा की ‘तुमच्या आय. पी. क्रमांकावरून अश्लील स्थळे पाहिली गेल्याचे आढळले आहे; चोवीस तासांत उत्तर द्या, अन्यथा अटक होईल’. भिऊन उत्तर देणाऱ्याकडे मग ‘प्रकरण मिटविण्यासाठी’ पैसे मागितले जातात. अशी पत्रे खोटी असल्याचे केंद्र सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाने वेळोवेळी जाहीर केले आहे. याचेच दुसरे रूप म्हणजे ‘डिजिटल अटक’: गणवेशातील माणूस पडद्यावर येतो आणि घरातल्या घरात तासन्‌तास डांबून ठेवतो. कायद्यात असा अटकेचा प्रकारच नाही, हे पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. मानी माणूस लाजेपोटी मुलाबाळांसही हे सांगत नाही, आणि नेमक्या त्या लाजेवरच या भामट्यांची गुजराण चालते.

वर दिलेली माहिती ध्यानी ठेवली तर या पत्रांतील पोकळपणा आपोआप दिसतो. बाहेरच्या कोणास क्रमांकावरून आपले नाव व घर कळत नाही. आणि ज्यांस ते कायद्याने कळू शकते ते खाजगी खात्यात पैसे मागत नाहीत. असे पत्र वा दूरध्वनी आल्यास घरातल्या एका तरी माणसास त्याच दिवशी सांगावे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ, शक्य तर पहिल्या तासाभरातच, तक्रार करावी; म्हणजे रक्कम वाटेत अडविता येण्याचा संभव राहतो. तक्रारीत दिनांक, घटका आणि मिनिटे लिहावीत, ‘सकाळी’ की ‘रात्री’ हे अक्षरांत लिहावे, आणि ते ई-पत्र संतापाने पुसून टाकू नये. कारण ते कोणकोणत्या यंत्रांतून आले त्यांचे क्रमांक त्याच्या शिरोभागी, नेहमी आपल्यास न दिसणाऱ्या ओळींत, नोंदलेले असतात आणि तपास करणाऱ्यास आरंभ तेथूनच करावयाचा असतो.